पदवी हातात येण्याआधी कामाचा अनुभव : मराठवाड्यातल्या पोरापोरींनी तो कुठं मिळवायचा?

वाळूजवाला

नमस्कार मंडळी. संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत माझं मशीनिंगचं छोटं युनिट आहे. दुचाकीला लागणारे पार्ट करतो आणि मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांना देतो. जून-जुलै आला की डिप्लोमा, बीई, बीएस्सी झालेली पोरं अर्ज घेऊन येतात. घनसावंगी, गेवराई, सेलू, वसमत, उदगीर, कुठून कुठून. मार्क चांगले असतात, फाईल नीट लावलेली असते.

मी फार काही विचारत नाही. टेबलावर एक टर्निंग केलेला जॉब, म्हणजे लेथवर कातलेला भाग, आणि मायक्रोमीटर ठेवतो, म्हणतो व्यास मोज. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०१ मिमी हे सगळ्यांना पाठ असतं. पण बरेच जण थिंबल धरून ताकदीनं आवळतात आणि जे दिसेल ते सांगतात. मग एखादा असा येतो की आधी जॉब फडक्यानं पुसतो, मायक्रोमीटर मिटवून शून्य जुळतंय का बघतो, शेवटी दाब नेमका ठेवणारं रॅचेट फिरवतो, जॉब जरा वळवून दुसऱ्या ठिकाणी माप घेतो आणि विचारतो, "ड्रॉइंग कुठंय सर? टॉलरन्स किती?" म्हणजे मापात किती फरक चालेल. त्याला पुढं काही विचारायची गरजच राहत नाही. खोदून विचारलं की कळतं, सुट्टीत कुणाच्या तरी ओळखीनं चिकलठाण्यात एखाद्या वर्कशॉपला बसलेला असतो. नाव नसलेलं, पत्र्याच्या शेडमधलं वर्कशॉप. पण तिथं त्यानं हात काळे केलेले असतात.

गेल्या उन्हाळ्यात डिप्लोमाचा एक पोरगा माझ्याकडं होता. मशीनवर त्याला एकट्याला सोडणं शक्य नव्हतं. म्हणून रिजेक्शनचं, म्हणजे बिघडलेल्या जॉबचं, रजिस्टर दिलं, म्हटलं हे एक्सेलमध्ये घे. त्यानं नुसतं टाईप केलं नाही. मशीन कोणतं, शिफ्ट कोणती, इन्सर्ट (कापायचं पातं) कधी बदलला, असे रकाने पाडले. त्यातून दिसलं की बिघडलेले जॉब बहुतेक इन्सर्ट बदलल्यानंतरचे पहिले दोन-तीन आहेत. नव्या पात्याच्या मापाचा ऑफसेट न तपासता पोरं मशीनची सायकल चालू करत होती. आता इन्सर्ट बदलला की पहिला पीस मोजून सही झाल्याशिवाय पुढचा लागत नाही. हे त्या पोरानं कुठंही सांगितलं तरी समोरचा कान टवकारणार.

माझं म्हणणं एवढंच. अनुभवाला मोठी कंपनी लागत नाही आणि पुणंही लागत नाही. आपल्या तालुक्यात कुणाचं तरी अडून बसलेलं छोटं काम शोधायचं, ते तडीस न्यायचं आणि काय केलं त्याचा कागद जवळ ठेवायचा. आमच्या लाईनीचं मी सांगितलं. कॉमर्स, आर्ट्स, शेती, फार्मसीवाल्यांनी आपापलं सांगा.

---

टाचणी

हे सगळं गेटच्या आतलं झालं. गेटच्या बाहेरचं सांगते. माझ्या भावानं शेंद्रा आणि वाळूज पालथं घातलं. वॉचमन म्हणतो कॉलेजचं पत्र आण. कॉलेज म्हणतं कंपनीचं संमतीपत्र आण, मग पत्र देतो. पोरगं मध्येच उन्हात उभं. शेवटी माझ्या नवऱ्याच्या मित्रानं फोन केला तेव्हा काम झालं. म्हणजे वशिलाच ना?

---

वाळूजवाला

@टाचणी, ओळख लागते, नाकारत नाही. पण ओळख काढताही येते. एक, मोठ्या गेटवर जाऊ नका. तिथला एचआरवाला शेकडो अर्जांखाली दबलेला असतो. आठ-दहा मशीनवाल्या शॉपमध्ये मालक स्वतः भेटतो. दोन, दुपारी चारनंतर जा, सकाळी डिस्पॅचची धांदल असते. तीन, मसिआ आणि सीएमआयए या आपल्याकडच्या उद्योजकांच्या संघटना आहेत. त्यांची प्रदर्शनं, कार्यक्रम होतात. तिथं मालक लोक चहा पीत निवांत उभे असतात. चार वाक्यांत स्वतःबद्दल सांगायला ती जागा बरी.

आणि मालक का टाळतो तेही सांगतो. पोराचं बोट गेलं तर काय, ही भीती. कॉलेजच्या पत्रात विद्यार्थ्याच्या अपघात विम्याचा उल्लेख असेल तर निम्मी भीती तिथंच संपते. पत्र मागताना तेवढं लिहून घ्या. संमतीपत्राचा मसुदाही स्वतःच टाईप करून न्या, मालकाला फक्त सही-शिक्का करायला लावा. तो मजकूर तयार करत बसणार नाही.

---

गोदाकाठ

नांदेडच्या एका महाविद्यालयात शिकवतो, विभागाचं ओजेटीचं काम माझ्याकडं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला ४ क्रेडिटचं, एका क्रेडिटला ३० तास धरून १२० तास. पदवीलाही ते आहे, शिवाय फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे उपक्रम आहेत. एकूण काय, आता हे काम अभ्यासाच्या बाहेरचं राहिलेलं नाही, त्याला मार्क आहेत.

आता खरी गोष्ट. निम्म्या वह्यांवर शिक्का असतो तो चुलत्याच्या झेरॉक्स सेंटरचा किंवा मेव्हण्याच्या मोबाईल शॉपीचा. सगळ्या दिवसांच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेल्या. पहिल्या दिवशी ‘संस्थेची ओळख करून घेतली’ आणि शेवटच्या दिवशी ‘आभार मानले’. मध्ये काय केलं विचारलं की पोरं जमिनीकडं बघतात. मी अशा वह्या परत करतो, मग पालक भेटायला येतात.

पण ज्यांनी मनावर घेतलं त्यांना ठिकाणं कमी पडली नाहीत. एमए इतिहासाच्या दोघींनी तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची आणि अंकांची यादी संगणकावर घेतली. अर्थशास्त्राच्या एकानं बाजार समितीत बसून सोयाबीनच्या आवकेच्या आणि दराच्या नोंदी काढल्या, त्यावर प्रकल्प केला. भूगोलवाल्यांनी ग्रामपंचायतीसाठी गावातल्या विहिरी आणि बोअरचा नकाशा केला, प्रत्येक ठिकाणी मोबाईलवर जीपीएस घेऊन. ग्रामसेवकानं तो पाणीटंचाईच्या बैठकीत वापरला. या पोरांची वही वाचावी लागते, चाळून भागत नाही.

एनएसएसलाही लोक उगाच हसतात. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबीर. शिबिरात झाडू मारतानाचे फोटो काढण्यापेक्षा स्वयंपाकाचा शिधा, खर्चाचा हिशोब, गावच्या सरपंचाशी बोलणं, यांतलं एक काम अंगावर घ्या. पन्नास पोरांचं सात दिवस जेवणखाण सांभाळलेल्या पोरीला मुलाखतीत ‘टीमवर्क म्हणजे काय’ विचारायची वेळ येत नाही.

---

मी_माजलगावचा

हे वाचून बरं वाटलं पण आमच्यासारख्यांनी काय करायचं? सकाळी सातला अभ्यासिकेत जातो, रात्री दहाला येतो. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, जे निघंल ते. घरचे म्हणतात दुसरीकडं लक्ष घातलं तर हेही जाईल आन् तेही.

---

टाचणी

आणि नाही निघालं तर? वयाच्या अठ्ठावीसाव्या वर्षी बायोडाटावर काय लिहिणार, ‘अभ्यासिकेत खुर्ची नंबर चौदा’?

---

गोदाकाठ

टाचणी, जरा दमानं. पोरं हौसेनं बसत नाहीत तिथं.

@मी_माजलगावचा, परीक्षा सोड असं कुणी म्हणत नाही. पण दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी आहे, आठवड्याचा एक अर्धा दिवस आहे. तलाठ्याकडं जमिनीचे सात-बारा, आठ-अ आणि ग्रामपंचायतीत घरांच्या नोंदीचा नमुना ८, घरपट्टीची वसुली कशी चालते ते बघितलंस तर तलाठी-ग्रामसेवकाच्या परीक्षेलाच उपयोगी पडेल. आणि परीक्षेत नाही झालं तरी सेतू केंद्रापासून पतसंस्थेपर्यंत कुठंही कागदपत्रांचं काम येणारा माणूस लागतोच.

---

व्हाउचर

कॉमर्सवाल्यांसाठी. मी लातूरला सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातलं सक्तीचं प्रशिक्षण, करतोय. त्याआधी बीकॉमला असताना एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जायचो, सांजच्याला तीन तास.

पहिले दोन महिने काय केलं? पिशव्या उघडल्या. खरंच. आडत दुकानदार, हार्डवेअरवाला, कापडवाला महिन्याची बिलं नायलॉनच्या पिशवीत घालून आणून देतात. त्यात बिलं, चहाच्या चिठ्ठ्या, पेट्रोलच्या पावत्या, एखादी लग्नपत्रिकापण. ते तारीखवार लावायचं, खरेदी वेगळी, विक्री वेगळी, जीएसटी नंबर बरोबर आहे का बघायचं, मग टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकायचं. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, त्यामुळं त्या दिवसांत ऑफिसात कुणी कुणाशी धड बोलत नाही. कॉलेजात जर्नल एंट्री शिकलो होतो, पण बँकेच्या स्टेटमेंटात एक रक्कम दिसते आणि वहीत नाही, ती कुणाची, हे शोधायला इथं शिकलो. दुकानदाराला फोन करून न चिडता विचारायचं, हेही इथंच. ते टॅलीपेक्षा अवघड.

आडतीचा हिशोब तर कुठल्याच पुस्तकात नाही. शेतकऱ्याची पट्टी बघा एकदा : वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई वजा, आधी उचल दिली असेल तर ती वजा, मग हातात काय. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन-तुरीच्या हंगामात अशा पट्ट्यांचा ढीग पडतो. ज्याला पट्टी कळली त्याला निम्मा ग्रामीण व्यापार कळला.

पगार? सुरुवातीला गाडीच्या पेट्रोलपुरता. पण दिला. बिलकुल काही न देणाऱ्याकडं महिन्यापेक्षा जास्त बसू नका असं माझं मत.

आणि सीएची आर्टिकलशिप वेगळी. ती इंटरनंतरची असते, नव्या पद्धतीत दोन वर्षांची. बीकॉमचं ऑफिसातलं काम त्यात धरत नाहीत. पण आर्टिकलशिपला गेल्यावर पहिल्या दिवसापासून भाव मिळतो तो त्याच्यामुळंच.

---

भिजलं_सोयाबीन

बीएस्सी ॲग्रीवाल्यांचं तर अभ्यासक्रमातच आहे. शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव, पेपरात ‘कृषिदूतांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक’ अशी बातमी येते ना, तेच. बातमी छापून आली की काम झालं असं समजणारे कृषिदूत मी लई बघितले. चुन्याचं पाणी करून बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाचं प्रात्यक्षिक, चार शेतकरी, दहा फोटो, झालं.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या कॉलेजातून झालो. कार्यानुभवाच्या गावात एक शेतकरी उत्पादक कंपनी होती, हमीभावाची खरेदी त्यांच्याकडं होती. मी तिथं जाऊन बसायलो. काम एकच, ओलावा मोजायचा. ढिगातून चार जागचा नमुना घ्यायचा, मीटरमध्ये भरायचा, आकडा बघायचा. सोयाबीनला १२ टक्क्यांची मर्यादा. आकडा तेरा-साडेतेरा आला की समोरचा माणूस रात्रभर ट्रॅक्टरवर झोपून आलेला असतो. त्याला ‘माल वापस ने, वाळवून आण’ म्हणायचं. तोंडातून शब्द निघत नाही. एक आजोबा म्हणले, ‘तुझं यंत्र पावसाळ्यात जन्मलंय का?’ तिथं मी त्यांच्यासमोर दुसऱ्या मीटरवर परत मोजून दाखवलं. आकडा तोच आला. मग कंपनीच्या आवारातच ताडपत्री टाकून त्यांचा माल पसरला, दुसऱ्या दिवशी दुपारी घेतला.

पुढं नोकरीच्या मुलाखतीत साहेबानं विचारलं, शेतकऱ्याशी वाद झाला तर काय करशील? मी हीच गोष्ट सांगितली. आज एका शेतकरी कंपनीत खरेदी बघतो.

बाकी, केव्हीके (कृषी विज्ञान केंद्र) प्रत्येक जिल्ह्यात आहे, बदनापूरला कडधान्यांचं संशोधन केंद्र आहे (तुरीचा बीडीएन ७११ हा वाण तिथलाच), जालन्याला बियाणं कंपन्या आहेत. पेरणी ते काढणी एका प्लॉटच्या नोंदी ठेवायच्या कामाला माणसं लागत राहतात. क्रॉसिंगच्या, म्हणजे हातानं परागीकरण करायच्या, हंगामात तर पोरंपोरी मिळत नाहीत त्यांना.

---

अंबाजोगाईची

बीकॉम दुसरं वर्ष. सगळ्यांचं वाचलं. पण व्हाउचर दादा सांजच्याला तीन तास म्हणाले, तिथंच माझं अडतं. मी बाजूच्या गावातून एसटीनं येते. शेवटची गाडी चुकली तर घरी काय होईल ते सांगायला नको. पप्पा म्हणतात शिक्षण चाललंय ते चालू दे. मला दुपारी दीडनंतर मोकळं असतं, साडेचारपर्यंत. एवढ्यात कुणी काम देतं का?

---

टाचणी

देतं. मीही याच वाटेनं गेलेय. माझं ऐक.

तुझ्या गावात बचत गट असतीलच, सरकारच्या उमेद अभियानाचे. त्यांची पुस्तकं कोण लिहितं बघ. बऱ्याच ठिकाणी एकच ताई चार-पाच गटांचं लिहिते आणि मार्च आला की रडकुंडीला येते. तिला जाऊन म्हण, मी मदत करते. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि वेळेवर लेखे, ही त्यांची पंचसूत्री. यातलं शेवटचं तुझ्या अभ्यासाचं. बँकेला कर्जाची फाईल देताना गटाचा हिशोब, ठराव, केवायसी हे सगळं लागतं, ते लावायला शिक. एसटीचा प्रश्न नाही, पप्पांच्या डोळ्यांसमोर काम, आणि गटातल्या बायकाच तुझ्या वतीनं पप्पांशी बोलतील. बायका बोलायला लागल्या की पप्पा लोक लवकर ऐकतात, अनुभव आहे.

मी गटाचं वर्षभर लिहिलं. नंतर सूक्ष्म कर्ज देणाऱ्या एका संस्थेत लागले तेव्हा माझ्यासोबतच्या एमबीएवाल्यांना कर्जदार बाईशी पहिलं वाक्य काय बोलावं ते कळत नव्हतं.

अंबाजोगाईतच दीड ते साडेचार करायचं असेल तर पतसंस्था आणि कर सल्लागार. दुपारी ऑफिस निवांत असतं, शिकवायला वेळ असतो. मैत्रिणीसोबत जा, दोघींनी एकच जागा धरा. एसटीत आता महिलांना अर्धं तिकीट आहेच, विद्यार्थी पास त्याहून स्वस्त पडतो, तो कॉलेजच्या वेळेबाहेरही चालतो का ते तेवढं डेपोत विचारून घे.

---

जालनेकर

मी पालक म्हणून लिहितो. मुलगा बीईला आहे. सगळे म्हणताहेत मोफत काम कर, शीक. सरकारच्या योजना आहेत की! मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, पदवीला महिना दहा हजार. पंतप्रधान इंटर्नशिप आहे, सुरू झाली तेव्हा महिना पाच हजार. मग पोरानं फुकट रिजेक्शनचं रजिस्टर का लिहावं?

---

गोदाकाठ

@जालनेकर, दोन्ही योजना खऱ्या आहेत, पण शिकत असलेल्या पोराला लागू नाहीत, आणि हाच घोळ दर आठवड्याला माझ्या टेबलावर येतो.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार. पण ज्याचं शिक्षण चालू आहे तो पात्र नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजना त्याच वर्षी सुरू झाली तेव्हाची अट २१ ते २४ वयाची, आणि पूर्णवेळ शिकणारा चालत नाही. दूरस्थ शिक्षण घेणाऱ्याला मुभा होती. शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याखाली येते, ती पदवीनंतरची मोठी वाट आहे, विद्यावेतनही मिळतं. त्या त्या वेळी संकेतस्थळावर अटी बघूनच अर्ज करा, त्या बदलतात.

कॉलेज चालू असताना पैसे मिळणारं सरकारमान्य काम म्हणजे विद्यापीठांची ‘कमवा व शिका’. रक्कम फार नाही. पण नुसतं बागेत पाणी घालायचं काम मिळालं तर विभागप्रमुखाला भेटून ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक कक्ष मागून घ्या. मागितलं की मिळतं, पुष्कळजण मागतच नाहीत.

फुकटाबद्दल मी व्हाउचरशी सहमत. शिकणं चालू आहे तोवर थोडे दिवस ठीक. तुमच्या भरवशावर त्यांचा धंदा चालायला लागला की पैसे मागायचे.

---

वाळूजवाला

पैशाबद्दल माझी बाजू. माझ्याकडं येणाऱ्या पोराला मी जेवण, येण्याजाण्याचा खर्च आणि थोडं विद्यावेतन देतो. पहिल्या हप्त्यात तो माझ्या सुपरवायझरचा वेळच खातो. तिसऱ्या हप्त्यापासून उपयोगी पडतो. म्हणून दहा दिवसांसाठी येतो म्हणणाऱ्याला मी घेत नाही.

---

कोडकिडा

मूळ हिंगोलीचा, आता पुण्यात आयटीत. नंतर सविस्तर लिहीन, सध्या एवढंच : ‘तुमची इंटर्नशिपसाठी निवड झाली आहे’ असा मेल आला, मुलाखत झालीच नाही, आणि खाली नोंदणी शुल्क आहे, तर तो मेल उडवा. पैसे घेऊन महिन्याभरात प्रमाणपत्र देणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय. आमच्याकडं अशी प्रमाणपत्रं आली की आम्ही उमेदवाराला एवढंच विचारतो, काय बनवलं ते दाखव. प्रकल्प म्हणून दाखवतात तो टू-डू लिस्ट, सगळ्यांचा सारखाच, बटणाचा रंगसुद्धा तोच.

त्यापेक्षा गावातल्या खताच्या दुकानासाठी साठ्याची नोंद ठेवणारं साधं ॲप करा. दुकानदार ते वापरायला लागला की तक्रारी सुरू होतील : नेट गेलं की चालत नाही, डीएपी आणि १०:२६:२६ एकाच रकान्यात पडतंय, उधारी दिसत नाही. त्या तक्रारी सोडवा आणि प्रत्येक बदल गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, टाका. मी मुलाखतीत त्या बदलांचा इतिहास वाचतो. स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन, गुगल समर ऑफ कोड हेही जरूर करा. समर ऑफ कोडसाठी मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत आधी काही महिने छोट्या दुरुस्त्या करून ओळख करावी लागते. दोन्हीकडं कुणी तुमचा जिल्हा विचारत नाही.

---

निळी_शाई

आर्ट्सवाल्यांचं कुणी बोलंना म्हणून मीच. आकाशवाणी छत्रपती संभाजीनगर आणि परभणी, दोन्हीकडं तरुणांच्या कार्यक्रमांना आवाज लागतात, नैमित्तिक निवेदकांसाठी स्वरचाचणी होते. वर्तमानपत्रांचे तालुका वार्ताहर तर कायम माणूस शोधत असतात. पहिली बातमी बहुधा पाणीपुरवठ्याची नाहीतर अपघाताची. नावाची वेलांटी चुकली तर दुसऱ्या दिवशी तो माणूस दारात. शुद्धलेखन शिकायला याहून चांगली शाळा मी बघितली नाही.

वेरूळ-अजिंठ्याजवळच्यांनी पर्यटनाकडं बघा. लेणी दाखवण्यासाठी अधिकृत गाईडचा परवाना लागतो, तो नसताना आत जाऊन माहिती सांगत बसू नका. पण हॉटेलचा पर्यटक कक्ष, टूरवाल्यांचं बुकिंग इथं हंगामात पोरं घेतात. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, एवढं ध्यानात ठेवून चार दिवसांची सहल आखता आली तरी टूरवाला तुम्हाला परत बोलावतो.

---

काळा_कोट

लॉवाल्यांनो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या, विद्यार्थी चालतात. लोकअदालतीच्या दिवशी बँकेचं थकीत कर्ज आणि मोटार अपघाताची प्रकरणं तडजोडीला कशी येतात ते बाकावर बसून बघा. हायकोर्टाच्या खंडपीठात मोठ्या वकिलाच्या मागं फाईल घेऊन पळण्याआधी तालुक्याच्या कोर्टात रोजनामा, म्हणजे खटल्याच्या रोजच्या कामाची नोंद, वाचायला शिका.

---

गोळी_औषध

डी.फार्मला ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण सक्तीचं आहे, त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्याचे. मेडिकलवाल्याकडून सही आणून मोकळे होऊ नका. डॉक्टरचं अक्षर वाचणं काउंटरवरच येतं.

---

मी_माजलगावचा

एक विचारू का? सुट्टीत मी घरचं शेतच बघतो. मोसंबी हाय, थोडी कपाशी. ते बायोडाटात लिवायचं का? लोक हसतील असं वाटतं.

---

वाळूजवाला

लिही की! फक्त ‘वडिलांना शेतीत मदत’ असं लिहू नको. त्यातून काय कळणार? दोन एकर मोसंबीच्या ठिबकची देखभाल तू करतोस का? फिल्टर कोण धुतं, लॅटरल (ठिबकची नळी) फुटली तर कोण जोडतं? फवारणीची तारीख, औषध, प्रमाण लिहून ठेवतोस का? मजुरांचा हप्त्याचा हिशोब कुणाकडं? बाग व्यापाऱ्याला देताना भाव कुणी ठरवला, तू होतास का तिथं? यातलं जे तू स्वतः करतोस तेवढंच लिही. ठिबकचा पंप-फिल्टर सांभाळणारा पोरगा माझ्या मशीनच्या कूलंटची (थंड ठेवणाऱ्या द्रवाची) लाईन आठवड्यात शिकतो. आणि नोंदी नसतील तर ह्या हंगामापासून वही घाल, शंभर पानी, दहा-वीस रुपयांची.

---

भिजलं_सोयाबीन

+१. आमच्या कंपनीत दोघं याच जोरावर लागलेत.

---

अंबाजोगाईची

टाचणीताई, काल गटाच्या ताईकडं गेले होते. तिनं सरळ तीन गटांची कॅशबुकं पुढ्यात टाकली. 😀 पप्पा काही म्हणाले नाहीत अजून. पतसंस्थेत पण विचारायचंय, पण मॅनेजरला पहिला मेसेज काय करायचा? ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम इंटरेस्टेड’ वगैरे लिहू का?

---

व्हाउचर

नको. मराठीत लिही, छोटं लिही. असं :

‘नमस्कार साहेब. मी बीकॉम दुसऱ्या वर्षाला आहे. टॅलीचं प्राथमिक काम येतं, सध्या गावातल्या तीन बचत गटांची पुस्तकं लिहिते. दुपारी २ ते ४ या वेळेत दोन महिने आपल्याकडं व्हाउचर लावणं, नोंदी तपासणं असं काम शिकायची इच्छा आहे. कॉलेजचं पत्र देईन. या आठवड्यात दहा मिनिटं भेटायला कधी येऊ?’

वेळ, काम आणि किती दिवस, तिन्ही त्यात आहेत. त्याला फक्त वार सांगायचा उरतो. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर जाऊन भेट, परत मेसेज करू नको. आणि पतसंस्थेत खातेदाराची कुठलीही माहिती फोटो काढून बाहेर न्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी तू स्वतः बोलून दाखव. मॅनेजर तिथंच निर्धास्त होतो.

---

पॉली_घनसावंगी

वाळूजवाला सर, डिप्लोमा मेकॅनिकल दुसरं वर्ष. मार्चपासून वाचायलोय, आज खातं उघडलं. मे महिन्यात येऊ का तुमच्याकडं? राहायची सोय बजाजनगरात मावसभावाकडं आहे.

---

वाळूजवाला

ये. अठरा पूर्ण झालेत ना? आधारची झेरॉक्स, विम्याचा उल्लेख असलेलं कॉलेजचं पत्र, आणि मावसभावाचा नंबर. व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो. बूट घालून ये, चप्पल-सँडलवर शॉपमध्ये सोडत नाही. हातात कडं किंवा दोरा असेल तर काढून. आणि यायच्या आधी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये व्हर्नियर आणि मायक्रोमीटरवर हात बसवून ये, इन्स्ट्रक्टरला सांग मी पाठवलंय म्हणून, आमचाच माजी ऑपरेटर आहे तो.